चौथी चीर

सात रस्त्याच्या सिग्नलवरून निघताना देवयानीला मागून ‘टक्’ असा आवाज आला. जुळे सोलापुरातलं घर येईपर्यंत आपण तो ऐकलाच नाही, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली. एखादी बाटली लोळली असेल, डिकीत पाना राहिला असेल. घरी आल्यावर तिने डिकी उघडून पाहिली. डिकीत काही म्हणजे काही नव्हतं.

देवयानी मंगळवेढेकर दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘गोड कमी खा, हळू चावा’ असा सबुरीचा सल्ला देणारी ही बाई एका चंदेरी रंगाच्या, वीस वर्षं जुन्या, दोन दरवाज्यांच्या जर्मन गाडीवर जीव टाकायची. गाडीला सहा सिलिंडर होते आणि अंगात एवढा जोर होता की सोलापूरच्या रस्त्यांवर त्यातला निम्मासुद्धा कधी वापरता आला नाही. गाडी घेतल्यापासूनच्या पाच वर्षांत तिने एक्सिलरेटर एकदाही तळापर्यंत दाबलेला नव्हता. येत्या रविवारी मात्र दाबायचा होता. माळशिरसच्या पुढे एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची विमानांसाठीची जुनी धावपट्टी होती, दीड किलोमीटर सरळ आणि मोकळी. गाड्यांच्या वेडाने झपाटलेल्या एका मंडळाने तिथे वेगाच्या चाचण्या ठेवल्या होत्या आणि यादीत देवयानीचं नाव नववं होतं. ते नाव तिने मोबाइलवर इतक्या वेळा उघडून पाहिलं होतं की चंद्रिकाला, म्हणजे तिच्या क्लिनिकमधल्या मदतनीस मुलीलाही ती यादी पाठ झाली होती.

पण ह्या मॉडेलचं एक दुखणं जगजाहीर आहे. मागच्या चाकांची जाडजूड फ्रेम गाडीच्या तळाच्या पत्र्याला चार ठिकाणी बोल्टने आवळलेली असते. इंजिनाचे सगळे हिसके त्या चार जागा सोसतात, आणि पत्रा असतो लाडवाच्या डब्याच्या झाकणापेक्षा जरासाच जाड. हिसके खाऊन खाऊन तो चिरतो. चीर सापडली तर जोडता येते. नाही सापडली, तर एखाद्या दिवशी भर वेगात फ्रेम पत्र्यासकट सुटते.

दोन महिन्यांपूर्वी चारपैकी तीन जागी चिरा निघाल्या होत्या. होटगी रोडवरच्या वेल्डर नबीसाबने त्या जोडून वर पट्ट्या मारल्या. पण त्या चिरांचे फोटो देवयानीच्या नवऱ्याने पाहिले आणि घरात भूकंप झाला. मुकुंद शाळेत भूगोल शिकवायचा आणि स्कूटर तीसच्या वर नेली तर पाप लागतं अशा बेताने चालवायचा. तो त्या चंदेरी गाडीत आजवर एकदाही बसला नव्हता.

“ह्याच्यावर बसून तू फिरत होतीस?” त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच देवयानीला जास्त भीती वाटली. “आणखी एक चीर निघाली तर गाडी विकायची. शब्द दे.”

तिने त्याच्या हातावर हात ठेवून सिद्धेश्वराची शपथ घेतली होती. तेव्हा सोपं वाटलं होतं. तीन चिरा जोडल्या होत्या, चौथी जागा धडधाकट होती, मग शपथ घ्यायला काय जातं?

शुक्रवारी सकाळी क्लिनिकमध्ये पहिल्याच पेशंट म्हणून मैंदर्गीच्या शिवबाई येऊन बसल्या. सत्तरीची बाई, दात अजून बत्तीसच्या बत्तीस. कडक भाकरी खाताना दाढेत काहीतरी झालं म्हणत होत्या. देवयानीने आरशाने पाहिलं, ठोकून पाहिलं. काही सापडेना. मग तिने दाढेखाली कापसाची वळी ठेवली.

“चावा. जोरात. दुखतंय?”

“न्हाय की.”

“आता सोडा.”

“अव्वा!” शिवबाई खुर्चीतून वीतभर उडाल्या. “सोडलं की कळ मस्तकात जातीया बगा! चावताना काय बी न्हाय, सोडतानाच मरण!”

“दाढ चिरलीय आजी,” देवयानी रोजच्या सवयीने म्हणाली. “दाबलं की चिरेची दोन्ही अंगं एकमेकांना भिडतात, म्हणून दुखत नाही. सोडलं की फाकतात.”

आणि बोलता बोलता तिचा हात हवेतच थांबला. काल सात रस्त्यावर ‘टक्’ झालं तेव्हा आपण एक्सिलरेटर दाबला होता की सोडला होता? सोडला होता. पुढे रिक्षा आडवी आली म्हणून पाय उचलला होता, आणि उचलल्यावर आवाज आला होता. शिवबाईंची दाढ तिने नीट बांधून दिली, पण दुपारचे सगळे पेशंट चंद्रिकाला पुढच्या आठवड्यावर टाकायला लावले आणि दाताची चीर दिसावी म्हणून वापरायचा निळा रंग पर्समध्ये घालून ती निघाली.

नबीसाबची सगळी हयात उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रकच्या चासी जोडण्यात गेली होती. त्याचा जोड सुटला असं होटगी रोडवर कुणी म्हणून दाखवावं! देवयानीने ते भीत भीतच म्हटलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

“डॉक्टरबाई, माझा जोड सुटत नसतो. जोडल्यावर पाच गडी बसवलं होतं डिकीत. खाली झोपून मी स्वता बगितलं. चारी जागा टकाटक हुत्या.”

“तेच चुकलं, चाचा. तुमचं नाही, आपल्या दोघांचं. आपण वजन टाकून बघितलं. ट्रॉलीला ते बरोबर आहे, ट्रॉली वजनानं मोडते. ही गाडी वजन काढल्यावर फाकत असेल तर?”

नबीसाबने दाढी खाजवली. मग त्याने गाडी वर घेतली. पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या पार टोकाला ठेवली, न जोडलेल्या चौथ्या जागेवरचा काळा लेप खरवडून पत्रा उघडा केला. देवयानीने त्यावर निळा रंग चोपडला, थोड्या वेळाने पुसून काढला आणि खडूची पूड लावली. पांढऱ्या चौकोनाकडे बघत दोघं गाडीखाली आडवी झाली. तिच्या कपाळावर क्लिनिकमधला दिवा होता.

नबीसाबने फ्रेमखाली जॅक लावून वर चढवला. काही नाही. पूड पांढरीशुभ्र.

“आता सोडा,” ती म्हणाली.

जॅक खाली आला, फ्रेम लोंबकळली, आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी निळी रेघ उमटली. बोल्टच्या कडेपासून निघून ती वरच्या कोपऱ्यात शिरत होती. जॅक चढवला, सोडला, रेघ आणखी गडद झाली.

“सापडली!” देवयानी ओरडली. तिला इतका आनंद झाला की गाडीखालीच उठून बसायला जाऊन तिने डोकं आपटून घेतलं. आपलं निदान बरोबर निघालं होतं! कान, दाढ, रंग, सगळं जुळलं होतं! डोकं चोळता चोळता तिला शपथ आठवली आणि ती परत आडवी झाली.

नबीसाबला शपथेचं माहीत होतं. तो जरा वेळाने हळूच म्हणाला, “हे आपल्या दोगांतच हाय. आज जोडून टाकतो. सायबांना कशाला सांगायचं? तीन हुत्या, तीनच ऱ्हाऊ द्या.”

खरंच की. लेप मारला की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. रविवार पदरात पडला असता आणि गाडीही. देवयानी त्या निळ्या रेघेकडे बघत राहिली. पण मुकुंदच्या हातावर ठेवलेला हात तिचाच होता. त्या हाताने त्याला रोज चहा द्यायचा, आणि आत ही रेघ ठेवायची? तिला ते जमणार नव्हतं. जमलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिला क्षणभर वाटलं.

तिने फोन लावला. मुकुंद शाळेतून नुकताच घरी पोचला होता.

“मुकुंद, अजून एक निघाली.”

पलीकडे स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“मला शब्द लक्षात आहे. पण चीर तर बंद करायला हवी. तिच्या टोकाला बारीक भोक पाडावं लागतं, नाहीतर ती पुढे पळते. जागा अडचणीची आहे, चाचांचं ड्रिल तिथे शिरत नाही. क्लिनिकमधलं माझं विजेवरचं छोटं ड्रिल आणशील? चंद्रिका त्याचा डबा देईल. आणि स्टील कापणाऱ्या बारीक सुया, दाढ बघायचा आरसा.”

“बरं,” मुकुंद म्हणाला, आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने स्कूटर आली. डबा पायांत, सुयांची पेटी शर्टाच्या खिशात. त्याने रागाचा एक शब्द काढला नाही आणि प्रेमाचाही नाही. “कुठे आहे?” एवढंच विचारलं. देवयानीने दाखवली. शर्टाची पर्वा न करता तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आरसा कोण धरणार? मी धरतो.”

चिरेचं दिसणारं टोक हे खरं टोक नसतं, हे दाताचं शास्त्र. देवयानीने दिसणाऱ्या टोकाच्या पुढे दोन जोंधळ्याचे दाणे मावतील एवढं अंतर सोडून सुई टेकवली. पहिली सुई तुटली. दुसरी लाल झाली. “पाणी,” ती म्हणाली, आणि मुकुंदने एका हातात आरसा सांभाळत दुसऱ्या हाताने बाटलीतून थेंब थेंब सोडला. तिसऱ्या सुईने पत्रा भेदला तेव्हा नबीसाबने खाली वाकून बघितलं आणि मोठ्याने हसला.

“चाळीस वर्स काम करतोय, असलं बारीक भोक बगितलं न्हाय! लोकांच्या दाताला बी असंच पाडता?”

“दाताला भूल देते,” देवयानी म्हणाली. “इथे मलाच हवी होती.”

पुढचं काम नबीसाबचं. रंग धुऊन काढला, ओली पोती टाकली, आणि तो टिपक्या-टिपक्यांनी वेल्डिंग करत गेला. एक टिपका दिला की हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग पुढचा. घाई केली तर पत्रा आखडतो. चिरेवर दुहेरी पट्टी बसली. दिवेलागणीला पुन्हा रंग, पुन्हा पूड, पुन्हा जॅक. चढवला, सोडला. वीस वेळा सोडला. पूड पांढरीच राहिली.

“जिंकलं!” नबीसाबने हातातली चिंधी वर फेकली. देवयानीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकुंदने हात धुतले, डबा स्कूटरवर ठेवला आणि निघून गेला. शनिवारी घरात वरण-भाताचं बोलणं झालं, परगावी असलेल्या मुलीच्या फोनचं झालं, गाडीचं झालं नाही. रविवारी पहाटे देवयानी निघाली तेव्हा त्याने दार उघडून दिलं. ही शेवटची फेरी म्हणायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. एकदा तरी तळापर्यंत दाबायचं, मग कुणाच्याही घरी जाऊ दे. पण ठरवताना तिचा जीव तुटत होता.

धावपट्टीवर ऊन चढत होतं. वीस-बावीस गाड्या, त्यांचे गुरगुराट, रबराचा वास, आणि पोरासोरांसारखे नाचणारे पन्नाशीचे पुरुष. तपासणी करणारा गृहस्थ गाडीखाली शिरायच्या आधीच देवयानीने त्याला चौथ्या जागेचं सांगून टाकलं. त्याने बॅटरी मारून पाहिलं, बोटाने चाचपलं, आणि बाहेर येऊन विचारलं, “कुणी केलंय हे?”

“होटगी रोडच्या नबीसाबने. भोक मी पाडलं.”

त्याने काचेवर हिरवा कागद चिकटवला. “सोबत एक माणूस नेता येईल तुम्हाला. हेल्मेट तंबूत मिळतं.”

सोबत कोण येणार, असं म्हणत तिने वळून पाहिलं, तर पट्टीच्या कडेला नबीसाबची पिकअप उभी. तिच्यातून आधी नबीसाब उतरला, आणि मागोमाग मुकुंद. अडीच तास पिकअपमध्ये हादरून त्याचे केस उभे राहिले होते. तो थेट तंबूत गेला, डोक्याला मोठं होणारं एक लाल हेल्मेट घालून आला, आणि चंदेरी गाडीचा डावा दरवाजा उघडून आत बसला. पट्टा कसा लावायचा ते त्याला कळेना. देवयानीने लावून दिला.

“मुकुंद, तुला भीती वाटेल.”

“वाटतेच आहे.”

आठवी गाडी सुटली. धूळ बसायला लागली. झेंडेवाल्याने त्यांना पुढे यायची खूण केली. देवयानीने गाडी रेघेवर आणून उभी केली. इंजिनाचा थरार सीटमधून पाठीत चढत होता. मुकुंद समोर बघत म्हणाला, “एक विचारू? तू मला सांगितलं नसतंस, तर मला कळलं असतं?”

“नाही. कधीच नाही.”

“कुणालाच?”

“चाचांना. ते बोलले नसते.”

झेंडा वर गेला. मुकुंदने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

“मग राहू दे गाडी घरात,” तो म्हणाला. “आता दाब.”

देवयानीने एक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. सहाच्या सहा सिलिंडरनी एकदम डरकाळी फोडली, पट्टी अंगावर धावून आली, आणि भूगोलाचे मंगळवेढेकर सर पूर्ण दीड किलोमीटर, हेल्मेट डोळ्यांवर घसरलेलं असताना, “अजून! अजून!” म्हणून ओरडत राहिले.