ढोरकीनच्या पुढची रसवंती

माझी आई, मनकर्णाबाई, हिचा उजवा खांदा या हिवाळ्यात आखडला. हात कानाच्या वर जाईना, त्यामुळे तिचा आंबाडा माझी पत्नी सुलेखा घालून देई. पैठणला मावशीच्या नातीचे लग्न ठरले, तेव्हा आईने जाहीर केले, "सुनेच्या हातचा आंबाडा मिरवत मी मांडवात जायची नाय."

फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम साधा होता: भिंतीवर बोटे चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. मी भौतिकशास्त्र शिकवतो. गारखेड्यातल्या आमच्या बैठकीच्या भिंतीवर मी पट्टीने समान अंतरावर रेघा आखल्या आणि सांध्याचे आवरण कसे ताणले जाते, तेही समजावले.

"पालीगत भिंतीवर चढून काय मिळतंय?" आई म्हणाली आणि बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सुलेखाने रेघांपुढे खालून वर पैठणच्या एसटीच्या वाटेवरची नावे लिहिली: क्रांती चौक, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन, पैठण. नावांचा स्नायूंवर परिणाम होत नाही, हे मी निदर्शनास आणले. शिवाय प्रमाण चुकले होते. बिडकीन ते ढोरकीन अंतर बरेच जास्त आहे.

"तुला यायचं नसंल तर उतर खाली," बोटे भिंतीला टेकवत आई म्हणाली. "चितेगावला लई गर्दी हाय. सरका वो बाई!"

गाडी रोज सुटू लागली. बिडकीनला चहा होई. ढोरकीनला मात्र ती अडकली. त्याच्या वर हात नेला की कळ येई. लग्न जवळ आले, तसा आईने हात खाली घेतला. "गाडी बंद पडली. तुमी दोघंच जा लग्नाला."

सुलेखाने माझ्याकडे पाहिले. मी पेन्सिल घेतली आणि ढोरकीनच्या किंचित वर एक बारीक रेघ मारली.

"हे काय?"

"रसवंती."

"तिथं कुठं रसवंती हाय रं?"

"आहे," मी म्हणालो. पुराव्याविना केलेले माझे हे पहिलेच विधान असावे.

आईने मला रोखून पाहिले. मग दात आवळून तिने बोटे हलवली आणि मधले बोट रेघेला लागले. "बर्फ नको म्हण त्याला. घसा धरतोय."

त्याच रस्त्यावर मी पुढे एक पेरूवाला आणि एक पंक्चरचे दुकानही वसवले.

लग्नाच्या सकाळी आईने आपला आंबाडा आपण घातला. तो डावीकडे कलला होता. नावांमुळेच हे घडले, असे मी म्हणणार नाही. नावे नसलेल्या भिंतीवर हाच खांदा तपासून पाहण्याची सोय नव्हती.

एसटीने ढोरकीन सोडले, तशी आई खिडकीकडे सरकली. "कुठं हाय तुझी रसवंती?"

मी बाहेर नीट पाहिले. "आज बंद असेल."

"व्हय," आंबाडा चाचपत आई म्हणाली, "त्यो बी लग्नाला गेला असंल."