कानाची चाचणी

रोहिणीने भिमाजींची खुर्ची आणखी दोन हात मागे ओढली आणि आसारामला मशीन चालू करायला सांगितलं.

"टिक," भिमाजी म्हणाले.

आसाराम सुप्याला, एमआयडीसीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रानडुकरं अडवणाऱ्या कुंपणाची झटका मशिनं बनवायचा. डुकरं थांबत, पण आसपासच्या वस्तीवरचे रेडिओही खरखरत. नेवाशाच्या डीलरने बजावलं होतं, दसऱ्याच्या आत खरखर होत नसल्याचा लॅबचा दाखला आण, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. ऑर्डर गेली की शेडला कुलूप आणि आसाराम पुन्हा कंपनीच्या गेटवर, कंत्राटी.

अशा लहान कारखानदारांना नियमात बसवून देणं हा रोहिणीचा व्यवसाय. लॅब पुण्यात, आणि एकदा नापास झालं की पुढची तारीख दिवाळीनंतर. खरखर मोजायचं उपकरण तिच्याकडे नव्हतं. आसारामच्या वडिलांच्या, भिमाजींच्या, कानात मात्र ऐकायचं मशीन होतं, आणि झटक्याच्या प्रत्येक ठोक्याला ते टिकटिकायचं. कल्पना तिचीच. इतकं स्वस्त उपकरण तिने कॉलेजातही पाहिलं नव्हतं, चहावर चालायचं.

ती फिल्टर बदले, वायर आखूड करी, मशीनला पत्र्याचं खोकं घाली. भिमाजी म्हणत, टिक. मग आसाराम त्यांच्यावर खेकसे, नीट ऐका म्हणे, जणू आवाज तेच काढत होते.

गुरुवारी भिमाजी म्हणाले, "शांत."

आसारामने पेढे वाटले. मशीन हार घालून लॅबला गेलं. लॅबवाल्यांनी आधी हार काढला, मग नापास केलं.

रोहिणी सांगायला आली तेव्हा आसाराम खाली मान घालून ऐकत राहिला. भिमाजी पाठमोरे बसले होते. तिने हाक मारली; ते वळले नाहीत. तिने त्यांच्या कानातलं मशीन काढून पाहिलं, सेल बदलला. काही नाही. जळालं होतं. कधीपासून, असं तिने हातानेच विचारलं.

"बुधवारपासनं. टिक म्हनलं की ह्यो वरडायचा," भिमाजी म्हणाले. "आन् खोटं कुठं बोललो? मला शांतच हुतं की."

आसाराम ओरडला नाही. वडिलांसमोर उकिडवा बसला आणि पोराने बापाला बोलू नये ते सगळं हळू आवाजात बोलला. भिमाजी त्याच्या ओठांकडे कौतुकाने बघत राहिले. तो उठून गेल्यावर त्यांनी रोहिणीला विचारलं,

"काय म्हनत हुता? झालं का पास?"

रोहिणीने मान डोलावली.