सतराव्या बोअरची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, पाच पन्हळींची आणि बिनझाकणाची. मित्रांनो, माझ्यात कधी कुणी कपडे ठेवले नाहीत की दागिने. माझ्यात डोंगराच्या पोटातला खडक होता.

त्या डोंगरावर तांब्याचे हिरवे डाग होते. त्यांना भुलून पहिली कंपनी आली आणि एक बोगदा खणून हात हलवत परत गेली. दुसरी कंपनी शिसे, जस्त आणि चांदीसाठी आली. तिने यंत्राने खोल भोके, म्हणजे बोअर, पाडली. फिरत्या नळीने खडक कापायचा आणि त्याची लांब कांडी वर काढायची. ती कांडी क्रमाने मांडण्यासाठी सुताराने आम्हा पेट्यांना जन्म दिला. माझ्या कडेवर रंगाने लिहिले : बोअर सतरा, दोनशे दहा ते दोनशे पंधरा मीटर.

माझी शेवटची पन्हळ भरायची होती, तेव्हा यंत्राची पकड निसटली आणि लोखंडी नळ्या ड्रिलरच्या छातीवर कोसळल्या. त्याला सगळे लांब्या म्हणत. सोबती त्याच्याकडे धावले, तसा कंपनीचा साहेब ओरडला, "आधी नळी वर घ्या! आत अडकली तर अख्खं भोक वाया जाईल."

माणसे मागे फिरली. पाऊण तास लागला. कांडी अखंड निघाली आणि तिच्यात मनगटाएवढी चमकती शीर होती. साहेबाने ती ओली करून भिंगातून पाहिली. "वा! काय माल आहे!" तोवर लांब्या गेला होता.

कंपनीने त्याच्या बायकोला आम्हा पेट्यांच्या गोदामाची राखण दिली आणि राहायला मागची खोली. तिला सगळे वहिनी म्हणत. ती धूळ पुसे, वाळवी झटके, एक खडा जागचा हलू देत नसे. पाहुणे आले की साहेब मला अभिमानाने दाखवी. "तुझ्यापायी गेला गं तो," असे वहिनी मला एकदाच म्हणाली, आणि त्याच फडक्याने मला नीट पुसले.

पुढे धातूचे भाव पडले. कंपनी विकली गेली. नव्या मॅनेजरला जीप ठेवायला गोदाम हवे होते.

"वहिनी, हे धोंडे काढा आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांत टाका."

"साहेब, एकदा मिसळले की कुठला कुठून आला, ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही."

"देवाला विचारतंय कोण? आटपा."

नऊ दिवस मजुरांबरोबर ती खडक वाहत होती. मला तिने सर्वांत शेवटी रिकामे केले. शीर असलेला तुकडा तिने पिशवीत टाकला, तर मॅनेजर म्हणाला, "तोही टाका. कंपनीचा माल घरी न्यायचा नसतो."

काही वर्षांनी एक भूवैज्ञानिक बाई आली. या डोंगरात सोनेही असावे आणि ते आजवर कुणी तपासलेच नाही, असे तिचे म्हणणे होते. तिने सतराव्या बोअरची कांडी मागितली.

"बाई, तुमची गाडी आत्ता तिच्यावरूनच आली," वहिनी म्हणाली.

"कुणी टाकायला सांगितलं?"

वहिनीने मॅनेजरकडे पाहिले. तो शांतपणे म्हणाला, "मी? कधी? गोदाम हिच्या ताब्यात होतं."

"लेखी आदेश आहे?" बाईने वहिनीला विचारले.

कागद नव्हता. बाई क्षणभर घुटमळली. मग तिने माझा, रिकाम्या पेटीचा, फोटो काढला आणि अहवालाला जोडला. खाली लिहिले : राखणदाराचा हलगर्जीपणा. वहिनीची नोकरी गेली, नोकरीबरोबर खोलीही गेली. जुन्या भोकापासून दहा पावलांवर नवे भोक पाडले. सोने निघाले. मॅनेजरला बढती मिळाली.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला शिकवतातच. तिने तर जपल्या होत्या. माझी विनवणी इतकीच : कुणी तोंडी हुकूम सोडून तुमच्या हातून काही नासवून घेऊ लागला, तर चार ओळी लिहून मागा, खाली सही मागा. आणि दुसऱ्यावर आळ येत असताना खरे तुम्हाला ठाऊक असेल, तर बोला. मी लाकडाची, मला बोलता येत नव्हते. पण त्या दिवशी गोदामाच्या दारात तिच्याबरोबर खडक वाहिलेले अकरा मजूर उभे होते. त्या सगळ्यांना तोंड होते.