धरली का?

मी एक जुनी शिडी आहे, लाकडाची. मित्रांनो, हल्ली तुम्ही पाहता त्या चकचकीत, हलक्या आणि जरा हात लागला की खणखणणाऱ्या शिड्यांपैकी मी नाही. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या दोन्ही उभ्या दांड्या एकाच झाडाच्या आहेत. त्या निवडताना सुताराने अख्खी वखार उपसली होती, कारण त्याला लाकडाची रेषा सरळ हवी होती आणि गाठ एकही नको होती. पायऱ्याही त्याने गोल न करता चपट्या केल्या. "दिवसभर उभं राहणाऱ्याचे तळवे दुखतात हो," असे तो म्हणाला होता. या चपट्या पायरीचे पुढे फार मोठे काम आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मला विकत घेतले एका रंगाऱ्याने. सारी गल्ली त्यांना रंगारीमामा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. मामा जगातल्या सगळ्या वस्तूंना रंग लावत. भिंती, दारे, खिडक्यांचे गज, एकदा तर शेजारच्यांची कोंबड्यांची खुराडीसुद्धा. पण मला त्यांनी कधी रंगाचे बोट लावू दिले नाही. कोणी विचारले की म्हणत, "शिडीला रंग लावू नये. रंगाखाली तडा लपतो." दरवर्षी ते मला उन्हात आडवी ठेवून जवसाचे तेल चोळत आणि नखाने एकेक सांधा तपासत. त्या दिवशी मला नव्या नवरीसारखे वाटे.

मामांचा जोडीदार म्हणजे त्यांचा मेहुणा, मामींचा धाकटा भाऊ. तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. गंमत अशी की एवढ्या उंच माणसाला उंचीचीच भीती. दुसऱ्या पायरीवर पाऊल पडले की तो डोळे मिटून घेई. पण खाली उभे राहून मला धरावे तर लंबूनेच. त्याचे पंजे माझ्या दांड्यांवर बसले की मला जमिनीत मुळे फुटल्यासारखे वाटे.

दोघांचा एक रिवाज होता. मामा माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून विचारत, "धरली का?" लंबू म्हणे, "धरली!" मगच मामा चढत. खाली आले, दोन्ही पाय जमिनीला टेकले की म्हणत, "उतरलो." तो शब्द कानावर पडल्याशिवाय लंबू मला सोडत नसे. एकदा पिवळा किती पिवळा असावा यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. दिवसभर एकमेकांशी अबोला. पण "धरली का", "धरली" आणि "उतरलो" मात्र चुकले नाही. त्या दिवशी तेवढेच काय ते बोलणे झाले.

अशी आमची वर्षे छान गेली. लोक वर बघून म्हणत, "वा! छत काय सुंदर झालंय!" शिडीकडे कोण बघतो? पण मामा निघताना माझ्या दांडीवर थाप मारत आणि मला तेवढी पुरत असे.

मित्रांनो, शिडीला माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत, पण पाय मात्र पाठ असतात. तोंड खोटे बोलते, पायाला ते जमत नाही. त्या वर्षी मामांचा उजवा पाय मला वेगळा लागू लागला. सकाळी ते पाऊल तिरके टाकत, टाच चोरून. दुपारपर्यंत पाय मोकळा होई, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. कामावर मामा कोणाला काही बोलले नाहीत. मला दिसत होते, पण शिडीला तोंड कुठे असते?

मग तो दिवस आला. आम्ही एका वाचनालयाची मोठी खोली रंगवत होतो. पुस्तकांच्या कपाटांवर आणि टेबलावर चादरी टाकल्या होत्या आणि टेबलाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा भरलेला डबा होता. मामा उतरत होते. शेवटच्या पायरीवर असताना त्यांच्या लक्षात आले की चादर सरकते आहे आणि तिच्याबरोबर डबाही. खाली लाकडाची नुकतीच पॉलिश केलेली जमीन! मामांनी उजव्या पायाने जोर घेतला आणि डब्याकडे उडी मारली. "उतरलो" म्हणायला वेळ कुठला?

फट्!

तो आवाज मामांच्या टाचेमागून आला. जाड शीर तुटल्याचा आवाज होता तो. मामांचा पाय लुळा पडला. पडता पडता त्यांनी हात मागे टाकला आणि माझी दांडी पकडून ओढली. लंबूने मला घट्ट धरले होते, पण पडत्या माणसाचे वजन कोणाला आवरते? मी त्याच्या हातांतून निसटले आणि मामांच्या पायावर जाऊन आडवी झाले. डबाही पडला. पांढरा रंग साऱ्या खोलीभर पसरला.

आधी फट्, मग मी. हा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण माझ्याशिवाय तो कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

मामांना कळले ते एवढेच, की मागून टाचेवर दणका बसला. मागे वळून बघतात तो पायावर शिडी आणि रिकाम्या हातांनी उभा लंबू. ते कळवळून ओरडले, "सोडलीस ना! माझ्या टाचेवर सोडलीस शिडी!" लंबू स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. त्यालाही वाटले, सुटलीच असेल आपल्या हातून.

पुढचे मला कळले ते मामींच्या तोंडून. त्या परसात कपडे वाळत घालताना शेजारणीला सांगत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "कसं झालं?" मामा म्हणाले, "शिडी पडली." डॉक्टरांचे काम शीर शिवण्याचे, शिडीची चौकशी करण्याचे नव्हे. त्यांनी शस्त्रक्रिया केली, तुटलेली दोन टोके ओढून एकत्र शिवली आणि पाऊल खाली झुकवून प्लास्टर घातले.

लंबूने मला घरी आणून परसातल्या भिंतीला टेकवले. ब्रशांची पिशवी दारात ठेवली आणि आत न येताच तो निघून गेला. त्याने एका गोदामात काम धरले. मामा घरी आले आणि मला पाहून म्हणाले, "ही अवदसा अजून इथेच? फोडून टाका. सरपण तरी होईल."

मामी म्हणाल्या, "आधी पायावर उभे राहा, मग कुऱ्हाड उचला."

म्हणून मी वाचले. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी माझी गत झाली होती. माझ्या पायऱ्यांवर मोजे वाळू लागले. शेजारचे मांजर माझ्यावर दुपारची झोप काढू लागले. ऊन-पाऊस अंगावर घेत मी उभी राहिले. त्या वर्षी तेल कोणी लावले नाही आणि माझी तिसरी पायरी ढिली झाली. पण खरे सांगते, ढिल्या पायरीपेक्षा मला मामींचे जास्त वाईट वाटे. त्यांची इकडे आड तिकडे विहीर झाली होती. घरात भावाचे नाव काढले की नवरा भिंतीकडे तोंड करी आणि भावाला फोन केला की तो म्हणे, "ताई, कोणत्या तोंडाने येऊ?" एकाच ताटात जेवलेली माणसे ती! माझ्या डोळ्यांदेखत ते घर तुटत होते.

मामांची खाट मागच्या खिडकीशी होती, त्यामुळे मला ते रोज दिसत. पाय उशांवर आणि डोळे छतावर. रंगाऱ्याच्याच घराच्या छताला पोपडे धरले होते आणि ते बघत पडून राहण्यासारखी दुसरी शिक्षा नव्हती. मग टाके निघाले. प्लास्टर गेले आणि गुडघ्यापर्यंतचा एक जाडजूड बूट आला. त्यात टाचेखाली एकावर एक पाचरी होत्या. शीर हळूहळू ताणायची, म्हणून डॉक्टर मधून मधून एकेक पाचर काढत. पाचर निघाली की मामा कुबड्यांवर परसाच्या दारापर्यंत येत, मला बघत आणि मागे फिरत. बूट सुटला तेव्हा आतून निघालेली काटकुळी पोटरी बघून ते म्हणाले, "हा पाय माझा नाही. कोणाचा तरी उसना आणलाय."

आता घरी व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. बुटक्या, चटपटीत आणि आवाज असा की मांजरसुद्धा शिस्तीत बसे. एक दिवस त्या म्हणाल्या, "आता पायरीवर उभं राहून टाच उचलायची. पण हाताला धरायला काहीतरी हवं." घराच्या पायरीला कठडा नव्हता. बाई परसात आल्या आणि त्यांनी मला पाहिले. "ही काय! चपटी पायरी आहे, दोन्ही हातांना दांड्या आहेत. याहून चांगलं काय मिळणार?"

"ती नको!" मामा गरजले. "तिनंच तर पाय तोडलाय माझा. मेहुण्यानं सोडली आणि टाचेवर पडली."

"मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं?"

"हो! अगदी तस्संच!"

बाई हसू लागल्या. मला तर वाटले, मामा आता कुबडी उगारतात. बाई म्हणाल्या, "अहो, ही शीर तुटली की सगळ्यांना असंच वाटतं. माझ्याकडे एक बाई यायच्या, खेळताना तुटली होती. नवऱ्यानं मागून रॅकेट मारली म्हणून त्याच्याशी बोलत नव्हत्या. नवरा जाळीच्या पलीकडे उभा होता! तुम्हाला आधी दणका बसला की आधी शिडी दिसली?"

मामा हळू आवाजात म्हणाले, "आधी दणका. मग मी… मी काहीतरी धरायला गेलो."

"आणि त्याआधी टाच दुखत होती का?"

"छे!"

"छे?" मामी दारातून पुढे आल्या. "मग महिनाभर मी तेल कोणाच्या टाचेला चोळत होते? शेजाऱ्याच्या?"

मामा खाली बसले. मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर मी वाजवल्या असत्या. पण मामांचा चेहरा पाहून माझा आनंद मावळला. माणसाला आपली चूक उमगते तेव्हा तो किती लहान दिसतो! त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

बाईंनी मला भिंतीला नीट लावले. मामा उठले, माझ्या दांड्या धरल्या आणि चांगला पाय पायरीवर ठेवला. इतक्या दिवसांनी तो स्पर्श! सवयीने त्यांच्या तोंडून निघाले, "धरली का?"

मामी पुढे होऊन म्हणाल्या, "धरली."

मामांनी पाय पुन्हा खाली घेतला. "तुझ्या भावाला फोन लाव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लंबू आला. परसाच्या दारात वाकून उभा राहिला, कारण ते दार त्याच्या उंचीचे नाही. "दाजी, बोलावलंत?"

"हो. शिडी धरायला माणूस नाही."

"ताई आहे की."

"तुझ्या ताईनं इतके दिवस मला धरलंय. अजून शिडी कुठे देतोस तिच्या गळ्यात?" मामा हसायला गेले, पण हसू काही आले नाही. "लंबू, त्या दिवशी तू सोडली नव्हतीस. मीच ओढली. आणि 'उतरलो' म्हणालोच नाही मी. चुकलो रे."

लंबू माझ्याजवळ येऊन उभा राहिला. माझ्या दांडीवर हात ठेवून म्हणाला, "मला वाटलं माझ्याच हातून सुटली. गोदामात खोकी उचलताना रोज हात बघायचो, दाजी. एवढे मोठे हात आणि एक शिडी धरता आली नाही." मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत गेल्या.

मग लंबूने मला हलवून पाहिले. "दाजी, तिसरी पायरी ढिली झालीय." मामांनी सुतारकामाची पेटी मागवली आणि दोघांनी मिळून सांध्यात एक बारीक पाचर ठोकली. मामांच्या बुटातल्या पाचरी निघाल्या आणि मला एक बसली. हिशेब चुकता झाला.

त्या दिवसापासून गोदाम सुटले की लंबू रोज येई. "धरली का?" "धरली!" मामा दोन्ही पायांनी टाचा उचलत, थरथरत आणि दात-ओठ खात. बाई मागून ओरडत, "टाच पायरीच्या खाली जाऊ द्यायची नाही! घाई नको!" आधी उसना पाय नुसता नावाला उचले. हळूहळू तो वजन घेऊ लागला. एका सकाळी मामांनी एकट्या उजव्या पायावर टाच उचलली. जेमतेम उचलली, पण उचलली. लंबू इतक्या जोरात ओरडला की मांजर भिंतीवरून पळाले. मामांपेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला होता.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली, लंबूने गोदाम सोडले आणि आम्ही पुन्हा त्याच वाचनालयात गेलो. अर्धा राहिलेला कोपरा आमची वाट बघत होता. मामा सावकाश चढले. प्रत्येक पायरीवर मला त्यांची भीती कळत होती आणि खालून लंबूचे पंजे जाणवत होते. कोपरा झाला. मामा उतरले. दोन्ही पाय जमिनीला टेकवून भिंतीकडे बघतच राहिले. लंबू मला धरून उभाच होता. हात भरून आले असतील, पण त्याने मला सोडले नाही. शेवटी मामांनी मागे वळून पाहिले.

"उतरलो," ते म्हणाले.

मित्रांनो, आता मी जरा कुरकुरते. मला मोठ्या कामाला फारसे नेत नाहीत, पण तेल मात्र दरवर्षी लागते. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल तर तिला पावसात टाकू नका आणि रंगवू तर मुळीच नका. कुठे दुखत असेल तर तेही रंगाखाली झाकू नका, वेळेवर सांगा. पडलात तर बोट दाखवण्यापूर्वी, आधी काय झाले आणि मग काय झाले, ते आठवून पाहा. आणि उंचावरून खाली आलात की कितीही घाई असो, एकदा मागे वळून "उतरलो" म्हणा. तो शब्द ऐकेपर्यंत खाली कोणीतरी हात सोडत नसतो.