एक जानेवारी दोन हजार बारा

रुपयाच्या नाण्याएवढा सेल, पाकिटातून नुकताच काढलेला, तळहाताला गार लागणारा... हाताच्या उबेनं तो जरा तापला की मग देऊ अकरमला, असं नाहीदनं ठरवलं आणि मूठ मिटून घेतली. सेलला गार-गरमचं काही सोयरसुतक नसतं हे तिला कळत होतं. कळून काय करायचं.

"भाभी, द्या ना." दीर टेबलाखाली उकिडवा बसला होता, कम्प्युटरचा पत्रा काढून. गडचिरोलीहून पहिल्या एसटीनं आला होता तो, खिशात पेनड्राइव्ह घेऊन. नवं विंडोज या जुन्या मशीनला दारातच उभं करत नव्हतं, तेव्हा अकरमनं त्यातली ती विचारपूसच काढून टाकली होती. "आता कोनी मशीनले वय विचारत नाई. हळू चालन, पन चालन. फक्त तारीख चुकलेली चालत नाई."

तारीख... हा सेल जुबेरनंच आणून खणात टाकलेला. आतला जुना मेला होता, म्हणून रात्री बटण बंद केलं की मशीन सगळं विसरायचं, सकाळी काळ्या पडद्यावर 'एफ-वन दाबा' म्हणायचं, आणि दाबलं की कोपऱ्यात उजाडायचं — एक जानेवारी दोन हजार बारा. रोज. जुबेर रोज शिव्या घालत खरी तारीख टाकायचा आणि म्हणायचा, उद्या बदलतो. अख्ख्या पोंभुर्ण्याची मशीनं दुरुस्त करणारा नवरा, आणि घरच्या मशीनला हात लावायचा म्हटलं की नंबर एकचा आळशी! मग तापाचं निमित्त झालं, ताप डोक्यात गेला, आणि त्याचा तो 'उद्या' खणातल्या पाकिटातच राहिला.

त्याचं ऑनलाइन कामांचं सेंटर नाहीदनं चालवायला घेतलं. पहिल्याच सकाळी तिनं एफ-वन दाबलं, कोपऱ्यात ती तारीख आली, आणि तिचा हात थांबला. कारण त्या तारखेला जुबेर होता. चालताबोलता, इथेच, या बाजारात, कुणाच्या तरी टपरीवर चहा पीत असलेला... ती तेव्हा नागभीडला माहेरी, जंक्शनवरच्या गाड्यांचे भोंगे ऐकत लोकांचे ब्लाउज शिवत होती. लग्नाची गोष्टही निघाली नव्हती, तिचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. नसू दे. ओळखत नव्हता, पण होता तर खरा — आणि अजून भेटायचा होता. मग रोजच सकाळची थोडी मिनिटं ती तारीख तशीच राहू द्यायला लागली. चुकीच्या तारखेवर एकही साइट उघडायची नाही, बाहेर बाकावर माणसं खोळंबायची. "मशीन गरम होऊन राह्यली," ती सांगायची, आणि लोकांना पटायचं. जुनं मशीन, चुलीसारखं, वेळ लागायचाच.

आज बाकावर सोमारीबाई होती. जंगलातल्या गावाहून, निराधारच्या पगारासाठी, हयातीचा अंगठा द्यायला पुन्हा आलेली. अंगठ्याचं यंत्र आता जुन्या विंडोजला ओळखच दाखवत नव्हतं. आणि अंगठा लागला नाही तर सरकारच्या लेखी ही बाई मेली, पगार बंद. मागच्या खेपेला तिला परत पाठवताना नाहीदनं मशीनच्या म्हातारपणाकडे बोट दाखवलं, तेव्हा ती दारातून वळून म्हणाली होती, "पोरी, मी जित्ती हाओ. तू तरी सांगनं त्याले."

त्याच संध्याकाळी नाहीदनं अकरमला फोन केला होता. स्वतःच केला होता. आणि आता मूठ उघडत नव्हती... या म्हातारीला जिवंत करायचं तर जुबेरला — छे, काहीतरीच! गेलेल्याला आणखी कुठे घालवणार मी? पण डोळे भरून आले ते आलेच.

"भाभी?"

तिनं मूठ उघडली.

नवं विंडोज बसायला दुपार झाली. सोमारीबाईनं बाकावरच शिदोरी सोडली, खाल्ली, डुलकीही काढली. मग अंगठा. आयुष्यभर मोहफुलं वेचून, पानं खुडून तो इतका गुळगुळीत झालेला की यंत्राला रेघच सापडेना. "केसावर घासा जरा," नाहीद म्हणाली, आणि ही युक्ती जुबेरची हे तिला बोलून झाल्यावर आठवलं. तेलकट केसांवरून फिरलेला अंगठा काचेवर टेकला. हिरवी खूण आली.

"झालं? हाओ का मी?"

"हाये ना, बाई. पुरी जित्ती."

सोमारीबाई तोंडभर हसली, शिदोरीचं फडकं झटकून गाडी धरायला निघून गेली.

अकरमनं खात्रीसाठी भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा लावलं. नाहीदचं बोट आपसूक एफ-वनवर गेलं. काळा पडदा आला आणि काहीही न विचारता निघून गेला. रखडत रखडत चित्र उमटलं, आणि कोपऱ्यात तारीख — आजची, बरोबर.

"पाहा, आता तुमाले हात लावाची गरजच नाई," अकरम खुशीत म्हणाला.

ती मान हलवत राहिली. इतके दिवस रोज सकाळी तो तिच्या पुढे होता, कुठेतरी वाटेत, अजून भेटायचा असलेला... आता पुढे कुठेच नव्हता. लोक म्हणतात तसा तो गेला होता, आणि हे तिला आज, या भर दुपारी, अकरम पत्र्याचे स्क्रू आवळत असताना समजत होतं.

बाकावर कुणीतरी नवं येऊन बसलं. "ताई, मशीन चालू झाली का?"

गरम होऊन राह्यली — तोंडाशी आलेलं तिनं गिळलं.

"झाली," ती म्हणाली. बोट मात्र एफ-वनवरच होतं.