इस्पिकची सत्ती

रोशनीने पत्ता चपलेखाली धरला आणि टाच दोनदा फिरवली. उचलून पाहिला. अजून नवाच दिसत होता. गच्चीवरच्या टाकीमागे उकिडवं बसून तिने तो सिमेंटवर घासला, एक कोपरा दुमडला, मग कपातल्या गार चहात बुडवला आणि कठड्यावर वाळत ठेवला. हे सगळं ती मान ताठ ठेवून करत होती. वाकलं की मानेतली डायलिसिसची नळी ओढल्यासारखी व्हायची. वारा आला तशी तिने ओढणी सोडून पत्त्यावर हात ठेवला.

खालून सासऱ्यांची हाक आली. "रोशनी, चहा गच्चीवर कशाला नेलास? तुला तर घोटभरच चालतो ना?"

"आले, बाबा."

तिच्या नवऱ्याला, अतुलला, रस्त्यात पडलेले पत्ते जमवायचा छंद होता. विकत घेतलेले नाहीत, मागून आणलेले नाहीत, फक्त पडलेले. शाळेत असताना दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर, जिथल्या सरकारी गेस्ट हाउसमध्ये त्याचे वडील दादाराव कामाला होते, तिथल्या ड्रायव्हरांच्या झाडाखाली त्याला पहिला पत्ता मिळाला, चौकटची तिर्री. तेव्हापासून त्याला एक पूर्ण कॅट बनवायचा होता, ज्यातला प्रत्येक पत्ता वेगळ्याच कुणाच्या तरी हातून निसटलेला असेल. लग्न ठरताना त्याने हे तिला आधीच सांगितलं होतं, एखादा जुना आजार सांगावा तसं. ती हसली होती. पुढे तीच चालत्या स्कूटरला ब्रेक मारायची. "तिकडे बघ, डिव्हायडरजवळ." उचलायचा मात्र त्यानेच, हा नियम होता. बदामच्या गुलामासाठी तो नाल्यात ओणवा झाला तेव्हा मागून त्याच्या कमरेचा पट्टा तिने धरला होता, आणि दोघंही हसून हसून आत पडायच्या बेतात होते.

आता एकच पत्ता राहिला होता. इस्पिकची सत्ती. आणि हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

रोशनीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी हातावर केलेली फिस्टुला बंद पडली, म्हणून मानेत नळी घातली होती, आणि नळीत जंतू गेले तर काय होतं ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. अतुलची किडनी जुळली तेव्हा त्याने क्षणभरही विचार न करता हो म्हटलं. तपासण्या झाल्या, कागदपत्रं झाली. मग तारखा पुढे जाऊ लागल्या.

"कॅट पुरा होऊ दे, मग करू ऑपरेशन," असं तो पहिल्यांदा चेष्टेत म्हणाला होता.

"नवस केलायस का?"

"आपल्याकडे नवस असतो का, यार? बाबा घराबाहेर काढतील."

दुसऱ्यांदा तो चेष्टेत म्हणाला नाही.

"डॉक्टर अठ्ठ्याण्णव टक्के म्हणतात, अतुल."

"मी पाणी तपासतो, रोशनी. शंभर बाटल्यांतल्या दोन खराब निघतात. त्या दोन कुणाच्या तरी घरच्याच असतात ना."

तो गुरुग्रामच्या एका प्रयोगशाळेत सोसायट्यांच्या टाक्यांमधलं पाणी तपासायचा. उद्या पाऊस पडेल असंही तो पुराव्याशिवाय म्हणायचा नाही. असा माणूस फुटपाथवर मान खाली घालून, कामाला उशीर करून, गाड्यांच्या चाकांमध्ये बघत फिरत होता. मागच्या आठवड्यात एका टेम्पोखाली येता येता तो जेमतेम वाचला. "दिसली होती," एवढंच तो म्हणाला. ती सत्ती नव्हती, औषधाचं रिकामं पाकीट होतं.

रोशनीने त्याच दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून नवा कॅट आणला.

ती दिल्लीत वाढलेली. तिच्या शाळेच्या बसमध्ये हुकुम, म्हणजे उलट्या काळ्या बदामाचा रंग, आणि पान, ईंट, चिडी एवढेच चार रंग होते. बदाम आणि चौकट ती सासरी येऊन शिकली. हुकूम तर दादाराव प्रत्येक डावात विचारायचे, "बोल पोरी, हुकूम कोणता?" म्हणजे हुकूम दोन्हीकडे हुकूमच, असं तिने धरलं होतं. मग उरलेला काळा रंग, तीन पाकळ्यांच्या फुलाचा, तो इस्पिक. पत्ते लावलेला अल्बम अतुलच्या बॅगेत असायचा. तो उघडून बघावा, कुणाला विचारावं असं तिला वाटलंही नाही, कारण शंकाच नव्हती.

ती खाली आली तेव्हा अतुलचा फोन टेबलावर स्पीकरवर होता. हॉस्पिटलच्या मॅडम बोलत होत्या.

"सर, इसके बाद मैं स्लॉट नहीं रोक पाऊंगी. मैडम का कैथेटर देख रहे हैं ना आप?"

"ऑडिट चल रहा है मैडम. अगले हफ्ते पक्का."

फोन बंद झाला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसलेल्या दादारावांनी पेपर खाली केला. "ऑडिट कोणत्या महिन्यात असतं रे?"

"आमच्याकडे सारखंच असतं, बाबा."

"मग माझी घ्या म्हणावं. जुनी आहे, पण सरकारी आहे."

दादारावांनी पेपर पुन्हा वर केला, पण पान काही उलटलं नाही.

डायलिसिसला जाताना दोघं नेहमी एका ऑफिस टॉवरच्या मागच्या गल्लीतून चालत जायचे. तिथे कॅबवाले बोनेटवर गमछा अंथरून सीप नावाचा पत्त्यांचा डाव खेळत बसत. तिथेच तर पत्ते पडायचे. रोशनी चालता चालता थोडी मागे राहिली.

"दम लागला?" अतुलने वळून विचारलं.

"नाही. हो, थोडा. तू हो पुढे."

तो वळला आणि तिने ओढणीआडून पत्ता सोडला. तो गटाराच्या जाळीजवळ पडला, तोंड वर करून. मग ती मोठ्याने म्हणाली, "अतुल, इकडे बघ."

तो आला. पत्ता दिसताच त्याची चाल बदलली. खाली बसला, दोन बोटांनी पत्ता उचलला. रोशनी त्याच्या चेहऱ्यावर आनंद शोधत राहिली. आला, असं वाटलं, आणि मग नुसताच चेहरा उरला.

त्याने पत्ता उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नाकाजवळ नेला. रोशनी चहात आलं फार घालायची. मग त्याने तिच्या चपलांकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे, जरा जास्तच वेळ.

"कोणती आहे?" तिने विचारलं.

मागे कॅबवाल्यांपैकी कुणीतरी पत्ता आपटला आणि बाकीचे त्याला शिव्या घालू लागले.

"सत्ती," तो म्हणाला.

"इस्पिकची?"

"हो."

"मग पुरा झाला?"

"झाला. चल, उशीर होतोय."

त्याने तिचा हात धरला. भर रस्त्यात तो एरवी धरत नसे.

हॉस्पिटलात सिस्टरने मशीन जोडलं. नळ्या लाल झाल्या. अतुल तिच्याकडे पाठ करून खुर्चीत बसला, बॅगेतून अल्बम काढला, काहीतरी सरकवलं, चेन ओढली. मग दाराशी उभा राहून त्याने फोन लावला.

"हां मैडम, नमस्ते. लिख लीजिए तारीख. नहीं, ऑडिट हो गया. हां जी, दोनों आएंगे."

रोशनीने छताकडे पाहत डोळे पुसले. जमलं, ती मनात म्हणाली.

तो परत आला. त्याने दोन्ही हात काखेत दाबले आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. मशीन एका लयीत फिरत होतं. रोशनीचे दोन्ही हात मोकळे होते. बॅग पलंगाशीच होती. पूर्ण झालेला कॅट आपणही एकदा पाहावा, म्हणून तिने आवाज न करता अल्बम काढला.

बदाम, चौकट. मग फुलांची पूर्ण रांग, आणि तिच्यात एक सत्ती आधीच बसलेली, टायरच्या खुणेसकट. तिने पान उलटलं. शेवटची रांग तिच्या शाळेतल्या हुकुमांची होती. एक्क्यापासून छक्कीपर्यंत हुकुम. मग तीन पाकळ्यांचं एक फूल. मग पुढे राजापर्यंत पुन्हा हुकुम.

म्हणजे इस्पिक हाच हुकुम होता, आणि गल्लीत "हो" म्हणताना अतुलला ते माहीत होतं.

"अतुल."

"हं."

"झोपलास?"

"नाही."

"भीती वाटते?"

"वाटते," तो डोळे न उघडता म्हणाला. त्याचा एक हात काखेतून निघून कमरेवर, डाव्या कुशीशी येऊन थांबला होता.

तिने नखाने तो पत्ता कप्प्यातून काढायचा प्रयत्न केला. पण चहाची ओल पुरती गेली नव्हती, तो प्लॅस्टिकला चिकटला होता. ओढला असता तर फाटला असता. तिने अल्बम मिटला, बॅगेत ठेवला, आणि आपल्या पायावरच्या चादरीचं एक टोक त्याच्या कुशीवर ओढलं.