डब्यावरचं कुंकू

“आता जावईबापूंच्या गाडीलाबी एक बोट लावूया की, भरमाण्णा!” असं म्हणत हंबीरराव कुंकवाची वाटी घेऊन सोमेशच्या नव्याकोऱ्या पिकअपकडे वळले आणि भरमाप्पा लगबगीने त्यांच्यामागे धावला.

खंडेनवमी होती. उद्यमनगरातली सगळी मशिनं झेंडूच्या माळा घालून बसली होती. भरमाप्पाच्या दुकानासमोर दोन पिकअप उभ्या होत्या. एक हंबीररावांची. कार्यक्रमांना जनरेटर भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. जनरेटर ट्रॉलीवर, ट्रॉली पिकअपमागे. दुसरी भरमाप्पाचा जावई सोमेश याची. तिच्यामागे दुधाची टाकी लागणार होती.

उताराला अशी ट्रॉली मागून गाडीला रेटते. म्हणून भरमाप्पाने सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या डोक्याने एक डबा बनवला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की हा डबा ट्रॉलीच्या ब्रेकलाही करंट पाठवायचा आणि दोन्ही एकदम थांबायच्या. पुढे कंपनीनेही तसला डबा काढला, पण उद्यमनगरात कंपनीचं कौतुक कुणाला? “कंपनीच्या सायबाला गगनबावड्याचा घाट काय म्हाईत?” असं भरमाप्पा गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचा. एकोणीस गाड्यांत त्याचा डबा बसला. त्यातला पहिला हंबीररावांच्या गाडीत.

त्याचा हंबीररावांना कोण अभिमान! दर खंडेनवमीला ते गाडी घेऊन यायचे, डब्याला कुंकू लावायचे आणि नारळ भरमाप्पाच्या हातात द्यायचे. “डबा ज्येचा, नारळ त्येच्या हातानं,” हा त्यांचा नेम होता. सगळी गल्ली बघायची आणि भरमाप्पाची छाती फुगायची.

हंबीरराव सोमेशच्या गाडीत वाकले ते वाकलेलेच राहिले.

“ह्यो कुठला डबा, जावईबापू?”

“कंपनीचा हाय, काका. मामांनीच मागवला,” सोमेश सरळपणे बोलून गेला. “लोकल नगं म्हणाले. घाटात जिवाशी खेळ नगं.”

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं भरमाप्पाला झालं. ‘गाडीबरोबर फुकट आला’ एवढं म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. शब्द जिभेवर आलेही होते. पण दारात आरतीचं ताट घेऊन त्याची लेक रक्षिता उभी होती, आणि तिच्यादेखत खोटं बोलायला जीभ रेटेना.

“गेल्या साली शाहूवाडीच्या एका गाडीतला डबा बंद पडला,” तो खाली बघत म्हणाला. “काचेतनं पावसाचं पाणी झिरपून आत गेलं. गाडी सपाटीला हुती म्हणून निभावलं. तवापास्नं नव्या डब्यास्नी रबर लावतोय.”

“आणि जुन्यास्नी?”

भरमाप्पा गाडीवरची झेंडूची माळ उगाच सारखी करू लागला.

“माझ्या डब्याला लावलंसा?”

“न्हाय.”

“का न्हाय?”

“उघडला असता तर का उघडतोय ते सांगाय लागलं असतं.”

हंबीररावांचा आवाज एरवी चार दुकानं पलीकडे ऐकू जाई. आज तो खाली आला. “सगळ्या पावसाळ्यात माझा विजयसिंह घाट उतरत हुता, भरमाण्णा. भर गणपतीत, धुक्यात. त्येची आई म्हणायची, नगं जाऊस. मी म्हणायचो, जाऊ दे की, भरमाण्णाचा डबा हाय.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःच्या पोरीचं कुंकू राखायला कंपनीचा डबा, आणि दुसऱ्याच्या पोराला आपला. इतकी साधी गोष्ट होती, आणि वर्षभर तो ती स्वतःलाच कळू देत नव्हता. भरमाप्पाला आपलीच शिसारी आली.

तो आत गेला. पाटावर पुजून ठेवलेल्या हत्यारांतून त्याने पान्हा आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. फुलं खाली सांडली.

“अप्पा, आज हत्यारं हलवायची न्हाईत!” रक्षिता म्हणाली.

“हलवू दे.”

सोमेशच्या गाडीतला कंपनीचा डबा त्याने सोडवला. “दुसरा येईस्तवर टाकी जोडू नका,” एवढंच जावयाला सांगितलं. मग हंबीररावांच्या गाडीत आडवा होऊन आपला डबा काढू लागला. सहा दसऱ्यांचं कुंकू स्क्रूच्या खाचांत थरावर थर बसलं होतं. ते नखाने खरवडल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर धरेना. त्या जागी कंपनीचा डबा बसवून काम संपायला तासभर लागला.

हंबीररावांनी ब्रेक दाबून बघितला. मग पिशवीतून नारळ काढला. भरमाप्पा सवयीने पुढे झाला होता. तो जागच्या जागी थांबला. हंबीररावांनी नारळ स्वतःच दगडावर फोडला, पाणी चाकावर ओतलं, खोबऱ्याचे तुकडे केले आणि सोमेशला, रक्षिताला, शेजारच्या लेथवाल्याला देत देत शेवटी त्याच्यासमोर आले.

“घ्या, मिस्त्री. परसाद.”

सहा वर्षांत हंबीररावांनी त्याला पहिल्यांदाच मिस्त्री म्हटलं होतं. भरमाप्पाने उजवा हात पुढे केला. बोटं कुंकवाने लाल झाली होती. ती पुसायला त्याने शर्टाचं टोक धरलं, पण हंबीरराव ताटकळतील म्हणून तसाच हात पसरला आणि खोबऱ्याचा तुकडा घेतला.